रिपोर्टवर ‘९९ टक्के’ छापलंय, मग अजून वाट कसली बघायची?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात राहणारी, आयटीत नोकरी करणारी २७ वर्षांची मैत्रीण. पहिलंच बाळ, १३ आठवडे आणि ४ दिवस झालेत. ऑफिसमधल्या दोघीतिघींनी केली होती आणि डॉक्टरही म्हणाल्या ‘करून टाका, निश्चिंत व्हाल’, म्हणून हिने अकराव्या आठवड्यात एनआयपीटी केली, म्हणजे आईच्या रक्तावरून बाळातल्या क्रोमोझोमच्या दोषाचा अंदाज घेणारी टेस्ट. रिपोर्ट आला: ट्रायसोमी २१, म्हणजे डाऊन सिंड्रोम, हाय रिस्क. बाराव्या आठवड्यातला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघणारी सोनोग्राफी) मात्र नॉर्मल. नवरा म्हणतो टेस्ट ९९ टक्के अचूक आहे, आता पोटात सुई घालून आणखी रिस्क कशाला, लवकर मोकळं होऊ, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे गोळ्या मिळतात. सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात असं कोणी नाही, लॅबवाल्यांनी रक्ताची अदलाबदल केली असणार. वर हेही विचारून झालं की एवढे वीस हजार घेतले तर मुलगा की मुलगी ते लिहिलंय का त्यात. माहेरी अजून काहीच माहीत नाही, आईला सांगायचं का हेही विचारलंय. ‘ताई, मी रोज तो पीडीएफ उघडते आणि बंद करते. बुधवारी डॉक्टरकडे जायचंय. कुणाचं ऐकू?’

अगं मैत्रिणी,

आधी एक काम कर, त्या मेडिकलवाल्याकडे कोणी जाणार नाही एवढं आजच घरात स्पष्ट सांग. बाकीचं आपण निवांत बोलू पण हे आधी. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपाताला परवानगी आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि तू चौदाव्यात आहेस. ह्या टप्प्यावर घरी बसून गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव थांबत नाही, अर्धवट राहतं, मग रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरावं लागतं. बरीच वर्षं हॉस्पिटलात समुपदेशनाचं काम केलंय मी, अशा बायका स्ट्रेचरवरून येताना बघितल्यात. पुढे तुझा निर्णय काहीही झाला तरी तो हॉस्पिटलातच पार पडेल, ह्यावर तडजोड नको.

आता तो ९९ चा आकडा. तुझा नवरा खोटं बोलत नाहीये, रिपोर्टवर तसं छापलेलंच असतं. पण ते ९९ टक्के कशाचे हे कोणी सांगितलंय का तुला? त्याचा अर्थ असा की ज्या बाळांना खरंच डाऊन सिंड्रोम आहे त्यांच्यातली शंभरातली नव्व्याण्णव ही टेस्ट पकडते. तुझ्या बाळाला डाऊन असण्याची शक्यता ९९ टक्के आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, आणि ही गल्लत फक्त तुमच्याच घरी झालीय असं नाही, शिकलेसवरलेले लोक करतात, कधीकधी डॉक्टरही.

हिशोब करून बघ. तुझ्या वयाच्या दहा हजार गरोदर बायका घेतल्या, साधारण बाराव्या आठवड्यातल्या, तर त्यातल्या बाराएक जणींच्या पोटातल्या बाळाला डाऊन असेल. टेस्ट त्या जवळपास सगळ्या पकडेल. आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी जणी, ज्यांचं सगळं ठीक आहे, त्यांच्यातल्या पाच ते दहा जणींनाही चुकून ‘हाय रिस्क’ येईल, कारण चुकीचा अलार्म हजारात एकाहून कमी वेळा वाजत असला तरी माणसं नऊ हजारांवर आहेत ना. म्हणजे हाय रिस्कचा कागद हातात घेऊन बसलेल्या सतरा ते बावीस बायकांपैकी बारा जणींचं खरं आणि बाकीच्यांचं खोटं. अंदाजे साठ टक्के धर, जरा वर जरा खाली. हीच बाई चाळीस वर्षांची असती तर तोच रिपोर्ट नव्वद टक्क्यांच्या वर खरा ठरला असता, कारण त्या वयात मुळातच प्रमाण कितीतरी जास्त असतं. मॉलच्या दारातलं मशीन बेल्टच्या बकलालाही वाजतं, मग गार्ड बाजूला घेऊन हाताने तपासतो, लगेच पोलिसात देत नाही. तुझं मशीन वाजलंय, तपासायचं राहिलंय.

पण हे वाचून ‘म्हणजे काही नसणारच’ असंही समजू नकोस. साठ टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त. एनटी नॉर्मल आलाय ही चांगली गोष्ट आहे, शक्यता त्याने थोडी खाली येते, पण डाऊन असलेल्या बऱ्याच बाळांचा एनटीही नॉर्मल दिसतो, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवून रिपोर्ट कपाटात टाकणं म्हणजे सासूबाईंच्या लाईनने जाणं झालं. तुझा नवरा एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला, आणि गंमत बघ, दोघंही एकच सांगतायत तुला: पुढची टेस्ट नको.

असं चुकतं कसं, तर टेस्ट नक्की काय बघते ते समजून घे. तुझ्या दंडातून जे रक्त घेतलं त्यात तुझ्या स्वतःच्या डीएनएचे सुटे तुकडे तरंगत असतात आणि त्यात काही तुकडे गर्भाकडचे, दहाव्या-अकराव्या आठवड्याला साधारण दहा टक्के. हे पहिल्यांदा दाखवून दिलं ते शास्त्रज्ञ डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ मध्ये, मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय क्रोमोझोमचे तुकडे सापडले, आता बाईकडे स्वतःचा वाय नसतोच, मग आले कुठून? पोटातल्या बाळाकडून. त्यावरून पुढे २०११ च्या सुमारास ह्या टेस्ट बाजारात आल्या. पण ते तुकडे बाळाच्या अंगातून थेट येत नाहीत गं, येतात ते मुख्यतः वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. वार आणि बाळ एकाच पेशीतून सुरू होतात म्हणून बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखंच असतं, पण कधीकधी वारेतल्या काही पेशींत क्रोमोझोम जास्तीचा निघतो आणि बाळ अगदी ठीक असतं. कधी सुरुवातीला जुळं असतं, त्यातलं एक सहाव्या-सातव्या आठवड्यात आपोआप विरून जातं आणि त्याचे तुकडे रक्तात राहतात. तुझा पहिला स्कॅन रिपोर्ट काढून बघ बरं, दोन सॅक, म्हणजे गर्भाच्या दोन पिशव्या, दिसल्याचा काही उल्लेख आहे का. असला तर बुधवारी आवर्जून दाखव.

आणि एनआयपीटीचा रिपोर्ट परत एकदा उघड, शेवटचा. वर तो लाल चौकट असलेला भाग आहे ना, तो तुला पाठ झालाय. आता खाली जा, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. तिथे लिहिलेलं असतं की ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, हाय रिस्क आल्यास गर्भजल किंवा वारेच्या तपासणीने खात्री करून घ्यावी, फक्त ह्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. लॅब स्वतः सांगतेय हे. फक्त लालमध्ये सांगत नाही. ‘फीटल फ्रॅक्शन’ असा एक आकडाही असेल, गर्भाकडचा डीएनए किती टक्के मिळाला तो. चारच्या आसपास किंवा खाली असेल तर रिपोर्टचा पायाच कच्चा, तेही विचार.

म्हणजे आता अ‍ॅम्निओ. म्हणजे गर्भजलाची तपासणी, तुझा नवरा ज्याला ‘पोटात सुई’ म्हणतोय ती. होतं असं की सोनोग्राफी सुरू ठेवून, बाळ कुठे आहे ते स्क्रीनवर बघत, बारीक लांब सुई पोटातून पिशवीत नेतात आणि पंधरा-वीस मिली पाणी काढतात. एखाद-दोन मिनिटांचं काम. बायका आत जाताना थरथरत असतात आणि बाहेर येऊन विचारतात ‘झालं एवढ्यात?’ पाळीच्या वेळेसारखी कळ येते, दिवसभर आराम करायचा, दोनतीन दिवस जड उचलायचं नाही. गर्भपाताचा धोका आहे, नाही असं मी म्हणणार नाही, पण अनुभवी हातात तो दोनशेत एकाहूनही कमी आहे. आता हा धोका आणि नवऱ्याचा मार्ग शेजारी ठेवून बघ: सुई टाळायची कारण बाळाला काही होईल, आणि सुई टाळून करायचं काय, तर गर्भपात! बाळ निरोगी असण्याची शक्यता चाळीसेक टक्के असताना. घाबरलेल्या माणसाला ताबडतोब काहीतरी करून टाकायचं असतं, तसं त्याचं झालंय बहुतेक. त्याच्याशी भांडू नकोस, वरचा दहा हजार बायकांचा हिशोब कागदावर मांडून दाखव. आयटीतले आहात, आकडे कळतील.

कोणी सीव्हीएसही सुचवेल, म्हणजे वारेचा तुकडा घेऊन तपासणं. ती अकरा ते चौदा आठवड्यांत होते, लवकर उत्तर मिळतं. पण तुझ्या बाबतीत स्कॅन नॉर्मल आहे आणि शंका हीच आहे की दोष वारेपुरताच तर नाही, मग परत वारच तपासून काय मिळवणार? म्हणून माझं मत अ‍ॅम्निओकडे, पण शेवटचा शब्द फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासण्या-उपचार करणाऱ्या, डॉक्टरांचा. अ‍ॅम्निओ पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर करतात, बरेच जण सोळाव्याला. म्हणजे तुला दोन-अडीच आठवडे थांबायचंय, आणि मला माहितीये की पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. पाण्याचा पहिला झटपट रिपोर्ट, फिश किंवा क्यूएफ-पीसीआर, काही दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला, म्हणजे सगळ्या क्रोमोझोमच्या तपासणीला, दोन-तीन आठवडे लागतात. दोन्ही करून घे.

‘पण तोपर्यंत उशीर होईल’ असं घरात कोणीतरी म्हणणारच. नाही होत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, बाळात दोष असल्यास चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि गंभीर दोष असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. तू सोळाव्याला पाणी काढलंस तर पूर्ण रिपोर्ट एकोणिसाव्यापर्यंत हातात असतो. घाई कॅलेंडरला नाहीये, माणसांना आहे. आणि अजून एक, जे बऱ्याच बायकांना माहीतच नसतं: तू सज्ञान आहेस, गर्भपाताच्या संमतीला कायद्याने फक्त तुझी सही लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूबाईंची तर नाहीच. हॉस्पिटलं सवयीने नवऱ्याची मागतात तो भाग वेगळा. जशी तुझ्या सहीशिवाय कोणी करू शकत नाही, तशी तू करायचं ठरवलंस तर घरातलं कोणी अडवूही शकत नाही.

सासूबाईंचं ‘आमच्या घराण्यात नाही’. त्यांना सांग की डाऊन घराण्यातून येतच नाही सहसा. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा बीज तयार होताना एकविसावा क्रोमोझोम नीट वेगळा होत नाही, बाळाकडे दोनाऐवजी तीन येतात, आणि हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. म्हणून घराण्यात कोणी नाही ह्याने रिपोर्ट खोटा ठरत नाही आणि उद्या खरा निघाला तरी त्याने कुणाचं घराणं वाईट ठरत नाही, तुझं माहेरही नाही, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं कारण पुढे गाडी तिकडे वळते असा अनुभव आहे. वयाचंही तसंच, पस्तिशीनंतर धोका वाढतो हे खरं, पण तरुण बायकांना मुलं जास्त होतात म्हणून डाऊनची बरीचशी बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. तीन-चार टक्के वेळा मात्र क्रोमोझोमचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो, तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, आणि ते फक्त कॅरिओटाइपमध्ये दिसतं. म्हणून म्हटलं पूर्ण रिपोर्ट घे, पुढच्या बाळाच्या वेळी हाच कागद कामी येईल.

मुलगा-मुलगीच्या प्रश्नावर मी फार शब्द खर्च करणार नाही. लॅबला दिसतं, लॅब सांगत नाही, सांगितलं तर गुन्हा आणि विचारणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. देशभराचा कायदा १९९४ चा, पण महाराष्ट्राने तो त्याआधी सहा वर्षं, १९८८ मध्येच केला होता, सगळ्या राज्यांत पहिला. का करावा लागला ते सासूबाईंच्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ‘परदेशात सांगतात’ म्हणून कोणी नातेवाईक मदतीला आले तर त्यांना चहा देऊन वाटेला लाव.

आता ज्या प्रश्नाला तू पत्रात हात लावलेला नाहीस. रिपोर्ट खरा निघाला तर? तू लिहिलंयस ‘कुणाचं ऐकू’. तुला स्वतःला काय वाटतं ह्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. हे दोन आठवडे मिळालेत ते त्यासाठी वापर. डाऊन म्हणजे काय हे घरात कुणाला नीट माहिती आहे का? जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयात दोष असतो, त्यातले पुष्कळ ऑपरेशनने नीट होतात. थायरॉइड, ऐकू येणं, डोळे हे तपासत राहावं लागतं. बौद्धिक वाढ मंद असते, पण किती मंद हे पोटात असताना कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, अ‍ॅम्निओसुद्धा. काही मुलं शाळेत जातात, बेकरीत नाहीतर ऑफिसात काम करतात, काहींना जन्मभर आधार लागतो. चांगल्या वैद्यकीय सोयी असलेल्या देशांत आता साठीपर्यंत जगतात. आपल्याकडे सोयी आहेत पण त्या शोधाव्या लागतात, जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांसाठी डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे फिजिओ आणि स्पीच थेरपी मिळते, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून एक लाखापर्यंतची विमा योजना आहे. आणि हे सगळं करायला रोज कुणाला तरी नेआण करावी लागते, ती बहुतेक वेळा आईच करते, नोकरी सोडून. हेही तोंडावर सांगितलेलं बरं.

तुझ्या डॉक्टरना विचार, डाऊन असलेलं मूल वाढवणारं एखादं कुटुंब भेटू शकतं का. तासभर त्यांच्या घरी जाऊन बसा, दोघं. आणि हे बाळ आपल्याला झेपणार नाही असं ठरवणाऱ्या बायकांशीही मी बोललेय, त्या काही दगडाच्या नव्हत्या. दोन्हीकडचे लोक तुला आपल्या बाजूला ओढतील, एक बाजू देवाचं नाव घेईल, दुसरी प्रॅक्टिकल व्हा म्हणेल. ज्याने-त्याने आपल्या घरातली माणसं, पैसा, ताकद बघून ठरवायचं असतं, आणि ठरवणारी तू आणि तुझा नवरा, सहीच्या वेळी तू.

तुझ्या डॉक्टरांबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘करून टाका, निश्चिंत व्हाल’ असं म्हणून ही टेस्ट द्यायची नसते. रक्त देण्याआधी पाच मिनिटं कोणीतरी बसवून विचारायला हवं होतं की उलटा रिपोर्ट आला तर पुढची टेस्ट कराल का, त्याचं काय कराल. ज्या मैत्रिणी हे वाचतायत आणि अजून रक्त दिलेलं नाही त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारून घ्या. ‘काही आलं तरी आम्हाला बाळ हवंच आहे’ असं उत्तर असेल तर टेस्ट नाही केली तरी चालतं, किंवा फक्त तयारीसाठी म्हणून करा. दहा आठवड्यांच्या आत करू नका, डीएनए पुरेसा नसतो. वजन जास्त असेल तर कधीकधी रिपोर्टच येत नाही, परत रक्त द्यावं लागतं. पैसे भरताना लॅबवाले मोठं पॅकेज पुढे करतात, मायक्रोडिलिशन (क्रोमोझोमचा बारीक तुकडा गळालेला असणं) वगैरे, त्यातले आजार इतके दुर्मिळ आहेत की हाय रिस्क आलं तरी बहुतेकदा खोटंच निघतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२२ मध्ये त्याबद्दल सावध केलंय. आणि लो रिस्क आला म्हणून पुढचे स्कॅन चुकवू नका. हृदयातलं छिद्र, फाटलेला ओठ, मणक्याचा दोष ह्यातलं काहीच एनआयपीटीला दिसत नाही, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही नाही. विदर्भातल्या किंवा सिंधी घरातल्या मुलींनी तर हिमोग्लोबिनची एचपीएलसी टेस्ट आधी करा, काही शे रुपयांत होते.

बुधवारी जाताना नवऱ्याला बरोबर ने, बाहेर फोनवर उभा राहू देऊ नकोस, आत बसव. पहिल्यापासूनचे सगळे स्कॅन ने. जेनेटिक्सच्या डॉक्टरकडे किंवा फीटल मेडिसिनकडे चिठ्ठी माग, पुण्यामुंबईत ते मिळतात, लांबच्या वाचकांनी जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करावी. अ‍ॅम्निओ कोण करणार, महिन्याला किती करतात, हे विचारायला लाजू नकोस. आणि तुझा ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर सुईनंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, ते त्यांच्या लक्षात असेलच, तरी तू सांग.

आईला सांगायचं का म्हणून विचारलंस. रिपोर्ट पक्का झाल्यावर सांगीन असं तुझ्या मनात असणार, पण हे अडीच आठवडे तू त्या घरात एकटीने काढू नयेस असं मला वाटतं. तिला फोन कर, आणि ‘काय करू’ विचारण्याऐवजी ‘येऊन राहतेस का’ एवढंच विचार.